नकाशातलं हिरवं घर

नाल्याच्या गाळाचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळत नाही, तरी सांगते. सडका कांदा, तुंबलेली मोरी, डिझेल आणि मेलेली घूस एकाच डब्यात कोंबून आठवडाभर उन्हात ठेवा आणि मग झाकण उघडा. पुरानंतर आमच्या गल्लीत प्रत्येक घरात तो डबा उघडा पडला होता. शी! पण तो वास फिनाइलने गेला. त्यानंतर जे झालं त्याची किळस अजून गेली नाही, आणि कोणी विषय काढला की माझं डोकं फिरतं.

गल्ली म्हणजे माझ्या आत्याची. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला फ्लॅटमध्ये राहते, पण वाढले त्या गल्लीत. आई लवकर गेली, बाप दुसरं लग्न करून मोकळा झाला, आणि मला आत्याने उचललं. आत्या कोराडीच्या वीज केंद्राच्या स्टाफ कॉलनीत लोकांच्या घरी स्वयंपाक करायची. सकाळच्या बसने जायची, संध्याकाळच्या बसने यायची, आणि आली की आधी दारात पदर झटकायची, कारण तिकडची राख अंगावर घेऊन घरात शिरणं तिला सहन व्हायचं नाही. त्या कमाईतून तिने नाल्याकाठी दोन खोल्या बांधल्या. पुढची खोली, मागची खोली, वर टिनं. आत्याच्या घरात फरशीवर दूध सांडलं तर चाटून घ्यावं इतकी स्वच्छता. आम्ही पोरं तिला घाबरायचो ती ओरडते म्हणून नाही, पाय पुसल्याशिवाय आत घेत नाही म्हणून.

पाणी पहाटे आलं. नाला भरून वाहायला लागला तेव्हा गल्लीतले सगळे उठून बुद्धविहारात गेले, तो उंचावर आहे म्हणून. जीव कोणाचा गेला नाही, हीच काय ती मेहरबानी. मी दुपारी पोचले तेव्हा पाणी उतरलं होतं आणि आत्या गुडघाभर गाळात, पदर खोचून, घमेल्याने चिखल बाहेर फेकत होती. मी म्हटलं, ‘‘आत्या, जरा थांब, माणसं लावू.’’

‘‘थांबू? दसऱ्याले पाहुणे येऊन राहिले ना वं! त्यायले काय गाळात झोपवू?’’

हे पाहुणे म्हणजे नातेवाईक नव्हेत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून लोक येतात, रेल्वेने, एसटीने, ट्रॅक्टर-ट्रकनेही, आणि गल्लीतल्या घराघरांत उतरतात. आत्याकडे यवतमाळकडच्या एका गावातलं एक कुटुंब दरवर्षी उतरायचं. मी लहान होते तेव्हापासून. आधी म्हातारा-म्हातारी यायची, मग त्यांचा मुलगा-सून, मग नातवंडं. येताना डाळ आणायचे, जाताना आत्या त्यांना चिवडा बांधून द्यायची. त्यांच्यासाठी ती दरवर्षी दसऱ्याआधी घराला चुना मारायची. आजारी असली तरी मारायची. ती म्हणायची, ज्याच्या दारात दसऱ्याला पाहुणा नाही त्याचं घर कशाचं.

तर आत्याने गाळ काढला. भिंती घासल्या. फिनाइल, सोडा, पुन्हा पाणी, पुन्हा फडकं. आणि गल्लीत बाकी सगळे भिजल्या गाद्यांकडे डोक्याला हात लावून बघत बसले असताना हिने चुना कालवला, त्यात नीळ टाकली आणि पुढची खोली अशी रंगवली की नाला जसा काही कधी आलाच नव्हता. शेजारची बाई दारातून म्हणाली, ‘‘एवढी काय घाई होती बाप्पा? सरकारी माणूस येईल, पाहील, मंग धुवायचं.’’

‘‘सरकारी मान्साले दाखवाले मी घाणीत राहू? तू राह्य!’’

शेजारीण राहिली. तिचा नवरा तेव्हा दवाखान्यात होता आणि तिच्याने घमेलं उचलवतही नव्हतं, तेव्हा तिला मी नावं ठेवत नाही.

आता मागच्या खोलीचं ऐका. तिची मागची भिंत नाल्याच्या बाजूला. पाण्याने त्या भिंतीच्या पायाखालची माती खाऊन टाकली होती. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत फट गेली होती, बोट आत जाईल अशी, आणि बाहेरून बघितलं तर भिंत पुढे पोट काढून उभी होती. ती भिंत पुढचा पावसाळा काढणार नाही हे कोणालाही दिसलं असतं. पण कोणाला दिसलं नाही, कारण आत्याने त्या फटीवर ठेवणीतली फुलांची चादर टांगली होती, नवीकोरी, घडीच्या रेषा दिसणारी.

पंधरवडा झाला असेल, तेव्हा नकाशावाले आले. बाहेरगावची एक संस्था होती, नाव सांगत नाही, सांगायची लाजही वाटते. त्यांचं काम असं: आधी वरून ड्रोन फिरवायचा, गल्लीचा फोटो काढायचा, त्यावर प्रत्येक घराचा चौकोन करायचा. मग दारोदार टॅब घेऊन जायचं, पुढच्या खोलीचा एक फोटो घ्यायचा. भिंतीवर गाळाची रेघ किती उंच, खोलीत किती मोडतोड, हे कॉम्प्युटर फोटोवरून ठरवणार आणि चौकोनाला रंग देणार. लाल म्हणजे संस्था बांधून देणार. पिवळा म्हणजे डागडुजी. हिरवा म्हणजे सुरक्षित, काही नाही. खरं बोलायचं तर ऐकायला मला बरं वाटलं होतं. एरवी मदत आली की ती पुढाऱ्याच्या साळ्याच्या घरी आधी जाते. म्हटलं, चला, यंत्राला साळा नसतो.

दोन पोरी आणि एक सर आले. नाकाला रुमाल, पायात प्लास्टिकच्या पिशव्या. एकेका दारात जायचे, श्वास रोखून फोटो काढायचे आणि बाहेर पळायचे. मला त्यांचं काही वाटलं नाही, वास होताच तसा. पण बसायला जागा गल्लीत एकच होती. आत्याची. बसले तिथे खाटेवर. टॅबचं चार्जिंग तिथे लावलं. आत्याने धुतलेल्या कपात चहा दिला, बिस्किटं दिली. ती मोठी पोरगी म्हणाली, ‘‘आजी, तुमच्याकडे किती छान वाटतं हो!’’ आत्या फुलून गेली. अख्ख्या गल्लीचं काम त्यांनी तिच्या खाटेवर बसून उरकलं, आणि निघता निघता त्याच खाटेवरून तिच्या भिंतीचा एक फोटो काढला. पांढरी निळसर भिंत. रेघ नाही, गाळ नाही.

मी तेव्हा कामावर होते. सीताबर्डीला कपड्याच्या दुकानात बिलिंगला बसते मी. रात्री फोनवर आत्याने सगळं सांगितलं, कौतुकाने. मी विचारलं, ‘‘मागची भिंत दाखवली ना?’’

‘‘इश्श! घरी आलेल्या मान्साले पडकी भिंत दाखवतेत काय वं? चादर टांगली हाये ना.’’

मी कपाळावर हात मारला. पण तिला काय बोलणार? आमच्याकडे पाहुण्यासमोर फाटकं पुढे करत नाहीत. पोट उपाशी असलं तरी ओठाला तेल लावून, जेवल्यासारखं बसायची रीत. आता ही रीत कोणत्या यंत्राला शिकवायची?

मग नकाशा आला. विहाराच्या भिंतीवर हा मोठा फ्लेक्स लावला. सगळी गल्ली लाल, दोन-चार पिवळे, आणि मध्ये एक हिरवा चौकोन. आत्या चष्मा लावून बघून आली आणि मला म्हणाली, ‘‘माह्यं एकटीचं हिरवं आलं! सिग्नलले हिरवं म्हंजे चांगलंच असते ना?’’

तिला सांगावं लागलं. मी सांगितलं तेव्हा ती आत गेली आणि आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी हिच्या हातचा चहा प्यायला, हिच्या खाटेवर बूड टेकलं, त्यांना मागची खोली बघायला चार पावलं जड झाली! खाल्ल्या ताटात थुंकणारे लोक मी पाहिलेत, पण त्यांना निदान माहीत असतं आपण थुंकतोय.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि त्यांच्या ऑफिसात गेले. एसी, काचेचं दार, भिंतीभर स्क्रीन. आमची गल्ली त्यावर अशी सुंदर दिसत होती की वाटावं इथे राहायला जावं. सर तेच होते. नम्र माणूस. अशा नम्र माणसांची मला फार भीती वाटते. मी मोबाइलवर भिंतीच्या फटीचे फोटो दाखवले. पोट काढलेली भिंत दाखवली.

ते म्हणाले, ‘‘मॅडम, तडा जुनाही असू शकतो. सिस्टिम फक्त पुराची खूण ओळखते. गाळाची रेघ.’’

‘‘रेघ तिने पुसली! चुना मारला!’’

‘‘तेच ना. मग पुरावा उरला नाही.’’

‘‘म्हणजे घाणीत बसून राहिली असती तर घर मिळालं असतं?’’

त्यांनी खांदे उडवले. मग आवाज खाली आणला आणि म्हणाले, नवा फोटो घरमालकाला स्वतःलाही टाकता येतो, तशी सोय आहे. नकाशा बंद व्हायच्या आत टाका. ‘‘फक्त फोटो जरा परिस्थितीला धरून दिसला पाहिजे. तुम्ही समजदार आहात.’’

समजदार! मला कळलं त्यांना काय म्हणायचंय. आणि हेही म्हणाले की रंग बदलला की आमचा माणूस खात्री करायला येईल, कधी येईल सांगता येत नाही, तोवर घराला हात लावू नका. मी जिना उतरले आणि खाली पानठेल्याजवळ उभी राहिले. कोणीतरी त्या कोपऱ्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून थुंकून भिंत लाल केली होती. मला ओकारीच आली. म्हटलं, हिचा फोटो टाकला तर सगळ्यात आधी हीच भिंत बांधून मिळेल.

संध्याकाळी मी आत्याच्या दारात बादली घेऊन उभी होते. गाळ शेजारणीच्या अंगणातून घेतला. ती बिचारी म्हणाली, ‘‘ने वं, किती पायजे तितका ने.’’ बादलीत पाणी ओतून मी काठीने ढवळलं तेव्हा पुन्हा तोच वास उठला, आणि मला हसू आलं आणि रडूही. जन्मभर जिने मला पाय पुसून आत घेतलं, तिच्या घरात मी हे आणत होते.

आत्या दारात आडवी आली. ‘‘हे काय आनलं?’’

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि बादलीकडे बघत होती.

‘‘नाही,’’ ती म्हणाली.

‘‘आत्या, भिंत पडेल गं.’’

‘‘पडू दे. पन मी आपल्या हातानं घरात संडास नाही आननार.’’

‘‘अंगावर पडली म्हणजे? मग मी काय करू?’’

‘‘अन् पाहुणे? दसरा आला ना जवळ! त्यायले कुठं निजवू? या घाणीत?’’

मी ओरडले. फार ओरडले. म्हटलं, पाहुणे दोन दिवस येतात आणि जातात, तुला इथे जन्म काढायचाय. कुठे जाशील? माझ्याकडे तू येत नाहीस, लिफ्टची भीती, शेजारी बोलत नाहीत म्हणतेस. मग हे घर सोडून तुझं आहे काय? हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं. मग तिने माझ्या हातून बादली घेतली. मी म्हटलं मी करते. ती म्हणाली, ‘‘तुले नाही जमनार.’’

आणि आत्याने त्या पांढऱ्या भिंतीला गाळ लावला. हाताने. अंगण सारवावं तसा, एका उंचीवर, एका ओळीत. घाण करतानाही तिला वेडंवाकडं करता येत नव्हतं. फुलांची चादर काढून घडी केली, ट्रंकेत ठेवली. खाट उलटी टाकली. मी फोटो काढला आणि पाठवला. थोड्या वेळात मोबाइलवर चौकोन लाल झाला. हे यंत्र, ज्याला मागची पडकी भिंत दिसली नाही, त्याला आत्याच्या हातचं सारवण लगेच दिसलं. थू!

मग वाट बघणं सुरू झालं. खात्री करणारा माणूस आज येईल, उद्या येईल. आत्या त्या वासात झोपायची. जेवायची नाही धड. मी म्हटलं माझ्याकडे चल, तर म्हणे मागून तो माणूस आला म्हणजे? आणि माणूस काही येईना. आले ते पाहुणे.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मी तिथेच होते. बाहेर ओळखीचा आवाज झाला, ‘‘बाई, आलो वं!’’ आत्याने पटकन दार ओढून घेतलं आणि बाहेर उंबऱ्यावर उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. समोर सगळं कुटुंब, डोक्यावर गाठोडी, एक तान्हं लेकरूही यावेळी नवं.

‘‘औंदा माह्यं घर नाही,’’ आत्या म्हणाली. ‘‘पुरात पडलं.’’

त्यांनी वर टिनांकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. घर तर उभं होतं. पण खेड्यातली माणसं, बाईला खोटं पाडतील कशी? तो मुलगा, म्हणजे आता तोही पन्नाशीचा, म्हणाला, ‘‘बरं बाई. मंग आम्ही हितंच टेकतो, तुमच्या दाराशी. दुसऱ्या कोनाच्या घरी कसं जावं?’’ आणि बसले ते. रस्त्यावर, गाळाच्या ढिगाशेजारी, धाबळी अंथरून. भाकरीचं फडकं सोडलं. सुनेने पहिली भाकरी आत्यापुढे धरली.

आत्याने भाकरी घेतली नाही. तिने दार उघडलं, सताड. मला म्हणाली, ‘‘पानी आन.’’

मी म्हटलं, ‘‘आत्या, तो माणूस—’’

‘‘पानी आन म्हनते ना!’’

मी आणलं. काय करणार होते? पाहुण्या बायकांनी एक शब्द विचारला नाही. पदर खोचले आणि आत शिरल्या. तासाभरात भिंत धुतली, फरशी घासली, उरलेला चुना होता तो मारला. आत्याने ट्रंकेतून चादर काढली आणि पुन्हा मागच्या भिंतीवर टांगली. रात्री ते सगळे पुढच्या खोलीत झोपले. आत्या त्यांच्यात बसून लेकराला मांडीवर खेळवत होती, आणि मला दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझी आत्या दिसली. मी मात्र आतून जळत होते. तिच्यावर नाही, त्या भाबड्या माणसांवरही नाही. असा कोणता नकाशा असतो ज्यात माणसाला घर आणि अब्रू यांतलं एकच मिळतं?

खात्री करणारा माणूस दसऱ्यानंतर आला. एवढा उशीर का, विचारलं तर म्हणाला, सुट्ट्या होत्या. त्याने दारातूनच आत बघितलं, टॅबवर काहीतरी दाबलं. आत्याने त्यालाही चहा दिला. या वेळी मी चादर ओढून भिंत दाखवली. तो म्हणाला, ‘‘ते सिव्हिल इंजिनियरचं काम आहे, माझं नाही.’’ चहा प्याला आणि गेला. घर पुन्हा हिरवं.

शेजारणीचं घर बांधून झालं. चांगलं झालं, पक्कं झालं. तिच्या नवऱ्याला आता घरी आणलंय. खोटं बोलणार नाही, मला बरं वाटलं.

आमची भिंत मी स्वतः गवंडी लावून टेकू देऊन उभी ठेवली, पण पायाच नव्हता तर टेकू कशाला पुरणार? पुढच्या पावसाळ्यात गेली. दिवसा गेली आणि आत्या तेव्हा विहारात होती, म्हणून वाचली. भिंतीबरोबर टिनं गेली, आणि मग पुढची खोलीही धोक्याची म्हणून पाडली. नकाशावाल्यांना फोन केला तर म्हणे, तो प्रकल्प संपला. नकाशा मोबाइलवर अजून दिसतो. गल्लीच्या मधोमध हिरवा चौकोन. बोट ठेवलं की उघडतो: सुरक्षित.

आत्या आता माझ्याकडे असते, बेसाला. लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी राहते. बाल्कनी दिवसातून तीनदा पुसते. आमच्या सोसायटीत रात्री बाहेरची माणसं ठेवायची तर आधी परवानगी काढावी लागते, आणि एवढी माणसं म्हटली की सेक्रेटरी तोंड वाकडं करतो. मी भांडले, भांडते आहे.

परवा आत्याचा मोबाइल वाजला. तिने कानाला लावला आणि चेहरा उजळला तिचा. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, दसऱ्याच्या त्या पन्नाशीच्या पाहुण्याचा, मोठ्याने बोलणारा. ‘‘बाई, औंदा डाळ चांगली झाली. येतो आम्ही. पन तुमची गल्ली आता कशी सापडन, सगळंच बदललं म्हन्तेत. कुठं उतराचं थे सांगा.’’

आत्याने फोन माझ्यापुढे धरला.

‘‘तू सांग वं,’’ ती म्हणाली.